चंद्रशेखर, दोन तारे आणि एक बांध

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या जुन्नर तालुक्यात एक वेगळी जत्रा भरते. या जत्रेला देव नाही, पालखी नाही. खोडद गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनाचं प्रदर्शन मांडलं जातं आणि जुन्नर-आंबेगावातून, त्याच्याही पलीकडून शाळांच्या गाड्या लोटतात. पुठ्ठ्याची धरणं, थर्माकोलचे ग्रह, पत्र्याच्या पवनचक्क्या घेऊन पोरं उभी असतात. आणि या सगळ्या गडबडीच्या डोक्यावर ती ४५ मीटर व्यासाची जाळीदार तबकडी, आकाशाकडं तोंड करून.

मागं एकदा मी तिथं माझ्या थोरल्या बंधूंना घेऊन गेलो. दादांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. नारायणगावच्या अलीकडं आमचं वडिलोपार्जित शेत. तिथल्या बांधावर उभं राहून तीस वर्षं त्यांनी या तबकड्या लांबून पाहिल्या. आत मात्र कधी गेले नव्हते. नातीच्या शाळेचा प्रकल्प प्रदर्शनात लागला म्हणून आले. एका टेबलापाशी कुणी तरुण संशोधक मुलांना जोडताऱ्यांची गोष्ट सांगत होता. आकाशात दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात आणि त्यातला एक दुसऱ्याचं वस्तुमान हळूहळू ओढून घेतो, अशी ती गोष्ट. मुलं ऐकून पुढच्या टेबलाकडं पळाली. दादा तिथंच उभे राहिले. परतताना गाडीत त्यांनी मला एवढंच विचारलं, की ज्याचं गेलं त्या ताऱ्याचं पुढं काय होतं?

मला उत्तर देता आलं नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, दुसऱ्यांचं देणंघेणं लिहिण्यात. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्याही बहुतेक देण्याघेण्याच्याच. पण ताऱ्यांचा हिशेब कधी पाहिला नव्हता. तो पाहायला बसलो आणि उत्तराच्या आधी एका माणसाच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो.

विज्ञान दिन ज्यांच्यामुळं साजरा होतो त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावला. हा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा पुतण्या, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

जन्म १९ ऑक्टोबर १९१०चा, लाहोरचा. वडील सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी. दहा भावंडांत चंद्रशेखर तिसरे, मुलग्यांमध्ये थोरले. लखनौमार्गे हे कुटुंब मद्रासला स्थिरावलं. मुलानं सनदी परीक्षा देऊन सरकारी नोकरी धरावी, असं वडिलांना वाटे. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या बापाला मुलाच्या पगाराची काळजी जास्तच वाटते, हे मी अनुभवानं सांगू शकतो. आई सीतालक्ष्मी यांचं मत वेगळं होतं. घरच्या व्यापात स्वतः इंग्रजी शिकून इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस' या नाटकाचा तमिळ अनुवाद करणारी ही बाई. मुलाला ज्याची ओढ आहे तेच त्यानं करावं, यावर त्या ठाम होत्या.

१९३० साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतलेल्या चंद्रशेखरांना इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण आई अंथरुणाला खिळलेली. तिला अशा अवस्थेत सोडून जायचं कसं? आईनंच आग्रह धरला आणि मुलाला घराबाहेर काढलं. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट सुटली. वय वर्षं एकोणीस. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आई गेली. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही.

त्या बोटीवर जे घडलं त्यामुळं चंद्रशेखर जगाला ठाऊक आहेत. समुद्र पावसाळी, खवळलेला. तो शांत झाल्यावर या मुलानं कागद काढले आणि मेलेल्या ताऱ्याचं गणित मांडायला सुरुवात केली.

तारा जगतो तो दोन ओढींच्या तोलावर. स्वतःच्या वजनानं तो आत कोसळू पाहतो आणि पोटातल्या अणुभट्टीची धग त्याला बाहेर रेटते. इंधन संपलं की धग संपते. मग सूर्यासारखा तारा आवळत आवळत पृथ्वीएवढा होतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. आकार पृथ्वीचा, वजन जवळजवळ सूर्याचं. त्यातला चमचाभर ऐवज काही टन भरेल. हा गोळा आणखी आवळत का नाही? तर त्यातले इलेक्ट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात आणि एकाच्या जागेवर दुसरा मावत नाही. इथपर्यंत केंब्रिजच्या फाउलर यांनी सांगितलं होतं. चंद्रशेखरांच्या लक्षात आलं, की एवढ्या दाटीत हे इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं पळत असणार, आणि मग आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद हिशेबात धरावाच लागेल. तो धरल्यावर गणितातून एक विलक्षण गोष्ट निघाली. श्वेतबटूच्या वजनाला मर्यादा आहे. आजच्या आकड्यात सांगायचं तर सूर्याच्या १.४४ पट. वजन त्यापुढं गेलं, तर इलेक्ट्रॉनांची भिंत तो भार पेलू शकत नाही.

बँकेत आम्ही प्रत्येक व्यापाऱ्याला लिमिट ठरवून देत असू. त्यात साहेबाच्या मर्जीला थोडी जागा असे. निसर्गानं दिलेल्या या लिमिटमध्ये एका पैशाची सवलत नाही.

केंब्रिजला चंद्रशेखरांनी चार वर्षं हे गणित घासूनपुसून पक्कं केलं. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी ते मांडलं. लगेच पाठोपाठ उभे राहिले सर आर्थर एडिंग्टन, त्या काळातले ताऱ्यांच्या शास्त्रातले सर्वांत मोठे नाव. ते चंद्रशेखरांना अधूनमधून भेटत, त्यांचं काम कुठवर आलं याची विचारपूस करत. त्यांनी भरसभेत या सिद्धांताची खिल्ली उडवली. तारा असा वेड्यासारखा वागणार असेल तर त्याला अडवणारा एखादा नियम निसर्गात असलाच पाहिजे, असा त्यांचा एकूण रोख होता. सभा हसली. चोवीस वर्षांचा तो मद्रासी तरुण एकटा पडला. गणित बरोबर आहे हे खासगीत मानणारे मोठे शास्त्रज्ञ होते, पण एडिंग्टनच्या विरोधात उघड बोलायला कुणी पुढं आलं नाही.

चंद्रशेखरांनी काय केलं? भांडत बसले नाहीत. १९३७ साली ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत रुजू झाले. ताऱ्यांच्या रचनेवरचं सगळं ज्ञान १९३९ साली एका ग्रंथात बांधून ठेवलं आणि दुसऱ्या विषयाकडं वळले. ही त्यांची जन्मभराची रीत झाली. एक विषय घ्यायचा, दहा-पंधरा वर्षं नांगरायचा, त्यावर पुस्तक लिहायचं आणि नवं रान धरायचं. एडिंग्टनबद्दल मात्र त्यांनी मनात अढी धरली नाही. ते गेल्यावर त्यांच्याविषयी आदरानं बोलले आणि पुढं त्यांच्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं.

आता त्या दोन ताऱ्यांकडं येतो. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास तारे जोडीनं राहतात. १९३३ साली, प्रबंधाच्या वर्षी, चंद्रशेखरांनी जोडताऱ्यांवर एक लेख लिहिला होता. शेजाऱ्याच्या ओढीनं ताऱ्याचा गोल आकार कसा बिघडतो, तो कसा लांबुळका होतो, याचं ते गणित. हा प्रश्न त्यांनी कायमचा सोडला नाही. १९६९च्या ग्रंथात ते पुन्हा अशाच आकारांकडं वळले. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाचं काम त्यांनी नव्यानं तपासलं.

रोशची कल्पना आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहा. पावसाचा एक थेंब पश्चिमेला पडला तर कोकणात उतरतो, हातभर पूर्वेला पडला तर कुकडीला मिळून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतो. दोन ताऱ्यांमध्ये असाच एक अदृश्य बांध असतो. बांधाच्या अलीकडचं सगळं याचं, पलीकडचं त्याचं. आणि दोघांच्या मधोमध, बांध सर्वांत ठेंगणा असतो तिथं, नाणेघाटासारखी एक खिंड असते. तारा म्हातारा होऊन फुगू लागला आणि या बांधापर्यंत भरला, की धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी जावं तसा त्याचा वायू खिंडीतून शेजाऱ्याच्या रानात उतरू लागतो. याखेरीज म्हातारा तारा वाऱ्यासारखा आपला वायू चहूकडं उधळतही असतो. त्यातला थोडा शेजाऱ्याला मिळतो, बाकीचा अवकाशात जातो तो जातोच.

याचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण ययाती तारकासमूहात आहे. तिथला अल्गॉल हा तारा. त्यातल्या एका ताऱ्याचं वजन सूर्याच्या तिप्पटीहून थोडं अधिक, दुसऱ्याचं जेमतेम पाऊणपट. आता ताऱ्यांच्या जगात मोठ्या घराचा खर्च मोठा. जड तारा इंधन लवकर उधळतो आणि लवकर म्हातारा होतो. अल्गॉलमध्ये नेमकं उलटं दिसतं. हलका तारा म्हातारा आणि जड तारा जवान. एकाच वेळी जन्मलेल्या भावंडांमध्ये हे असं कसं? शास्त्रज्ञ बरीच वर्षं कोड्यात होते. १९५०च्या दशकात उत्तर मिळालं. आज हलका दिसणारा तारा एके काळी थोरला होता. म्हातारपणी फुगला आणि आपलं बहुतेक वस्तुमान धाकट्याच्या पदरात घालून बसला. खांडेकरांची 'ययाति' वाचलेल्या आपल्या पिढीला गंमत वाटेल. पुराणातल्या ययातीनं मुलाकडून तारुण्य मागून घेतलं. आकाशातल्या ययातीत मात्र थोरल्यानं दिलं आणि धाकटा जवान झाला.

घेणारा जर चंद्रशेखरांचा श्वेतबटू असेल, तर मर्यादेचा प्रश्न येतो. एकटा श्वेतबटू निवांत विझत पडतो. शेजारी असेल तर त्याच्या खात्यात जमा होत राहते. भुजंगधारी तारकासमूहात आर. एस. ऑफियुची नावाची अशी एक जोडी आहे. एक तांबडा राक्षसी तारा आणि त्याचा ऐवज वेचणारा श्वेतबटू. वेचलेल्या हायड्रोजनचा थर पुरेसा साचला की त्याचा भडका उडतो आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा एकाएकी दिसू लागतो. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या वर्षी हे घडलेलं नोंदलेलं आहे. १९३३चा भडका उडाला त्याच वर्षी चंद्रशेखर जोडताऱ्यांवर लिहीत होते.

आणि २००६ साली हा तारा आमच्या खोडदच्या दुर्बिणीनं टिपला. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे ३० तबकड्या. १४ मध्यभागी दाटीनं आणि बाकीच्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. स्फोटातून उधळलेला वायू तांबड्या ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळतो तेव्हा रेडिओ लहरी निघतात. त्यातल्या १.४ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या, म्हणजे लांब लहरी या ताऱ्याकडून प्रथमच ऐकू आल्या त्या इथं, टोमॅटो आणि द्राक्षांच्या मुलखात.

या श्वेतबटूचं वजन चंद्रशेखर मर्यादेच्या अगदी जवळ आलेलं आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. दर भडक्यात तो काही गमावतो, दोन भडक्यांच्या मध्ये काही कमावतो. जमा जास्त की खर्च, हाच खरा प्रश्न. जमा जास्त असेल, तर एखाद्या दिवशी काटा मर्यादेपाशी पोहोचेल. अशा वेळी कर्ब-प्राणवायूचा श्वेतबटू पेट घेतो आणि अतिनवतारा होऊन मागं काहीही न ठेवता उडून जातो. अशा अतिनवताऱ्यांना दुसराही मार्ग आहे, दोन श्वेतबटूंच्या टकरीचा. पण त्यांची चमक बरीचशी ठराविक असते आणि तिच्या मापानं अंतरं मोजूनच १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे कळलं.

घेण्याचा दुसरा परिणामही खोडदनं पाहिला आहे. मोठ्या ताऱ्याचा गाभा मर्यादा ओलांडून कोसळला की न्यूट्रॉन तारा होतो. काळाबरोबर त्याची गिरकी मंदावते. पण शेजारी देणारा भेटला, तर येणाऱ्या वायूच्या रेट्यानं तो पुन्हा भोवऱ्यासारखा फिरू लागतो. २००४ साली खोडदच्या दुर्बिणीला एनजीसी १८५१ या तारकागुच्छात असा एक स्पंदक सापडला. सेकंदाला सुमारे २०० गिरक्या!

एडिंग्टन ज्याला हसले ते गणित असं घरोघरी, म्हणजे ताऱ्यातारांमध्ये, खरं ठरत गेलं. चंद्रशेखर आपल्या कामात होते. शिकवण्यासाठी विल्यम्स बे ते शिकागो हा ऐंशी मैलांचा रस्ता ते गाडी चालवत तुडवत. त्या वर्गात दोनच विद्यार्थी होते, ली आणि यांग, ही गोष्ट पुढं फार प्रसिद्ध झाली, कारण त्या दोघांना १९५७ साली नोबेल मिळालं. गुरूंच्या कितीतरी आधी. १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षं त्यांनी 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल' संपादित केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामासाठी आपली उमेद खर्च केली. १९८३ साली नोबेल पारितोषिक आलं, बोटीवरच्या त्या गणितानंतर ५३ वर्षांनी.

१९९२च्या डिसेंबरात ते पुण्याला आले होते. डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या संस्थेचं लोकार्पण त्यांच्या हातून झालं. मी तेव्हा मंचरच्या एका शाखेत होतो, पुण्यापासून साठ किलोमीटरवर. शाखेत तपासणी चालू होती, म्हणून गेलो नाही. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत ते वारले. त्यांच्या नावाची 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ साली अवकाशात गेली.

हे सगळं वाचताना एका नावापाशी मी पुन्हा पुन्हा अडलो. ललिता. मद्रासच्या त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारी, चंद्रशेखरांच्या मागच्या वर्गातली मुलगी. काही काळ बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेतही होती. बोट सुटल्यानंतर ती सहा वर्षं थांबली. सप्टेंबर १९३६मध्ये लग्न झालं आणि ती बर्फाळ विल्यम्स बेला गेली. स्वतःच्या संशोधनाची वाट तिनं सोडली. घर, पाहुणे, विद्यार्थी, आणि रोज बारा-बारा तास टेबलाशी बसणारा नवरा हे तिचं आयुष्य झालं. २०१३ साली, १०२ वर्षांच्या होऊन ललिताबाई गेल्या. चंद्रशेखरांनी त्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं आहे. तरी माझ्यातला बँकवाला विचारतो, की ऋण मानल्यानं खातं मिटतं का? आधी आईनं, मग बायकोनं दिलं, तेव्हा ते वजन जमलं. ताऱ्यांना निवड नसते. बांध भरला की वायू वाहणारच. माणसाला निवड असते, आणि देणाऱ्याला ती खरोखर होती का, हे घेणाऱ्यानं फारसं विचारलेलं नसतं.

मीही विचारलं नाही. वडील गेले तेव्हा दादा सातवीत होते. शाळा सोडून त्यांनी औत धरलं, म्हणून मी पुण्याला शिकलो. मंचरला असताना द्राक्षबागेसाठी त्यांनी कर्जाचा अर्ज केला. सख्ख्या नात्यातल्या अर्जावर मला सही करता येत नव्हती. नियम योग्यच होता. पण तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज लिहून टाकतो.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर मागच्या डिसेंबरात देता आलं. शेतातल्या घराच्या गच्चीवर आम्ही दोघं उभे होतो. अल्गॉलच्या वेळा मी आधी काढून ठेवल्या होत्या. दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी तो मंद होतो. मी दादांना सांगितलं, की देणारा तारा संपत नाही. आणखी आवळत जातो, शेवटी त्याचा गाभा तेवढा उरतो आणि तोही श्वेतबटू होऊन फार फार काळ टिकतो. एरवी धाकट्याच्या उजेडापुढं तो दिसतच नाही. पण फिरत फिरत तो धाकट्याच्या आडवा येतो, तेव्हा सगळा प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पृथ्वीवरच्या माणसाला त्याचा पत्ता लागला तो त्या अंधारावरून.

दादा बराच वेळ वर पाहत होते. शेजारच्या ताऱ्याशी ताडून पाहिलं तेव्हा त्यांनाही फरक कळला. ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात खालच्या खोलीतला दिवा लागला. शेतीची रात्रीची लाईट आली होती. आमच्याकडं हल्ली रात्री बिबट्याची भीती असते. दादांनी बॅटरी आणि काठी उचलली आणि मोटार चालू करायला निघाले. मी त्यांच्या हातातली बॅटरी घेतली आणि पुढं झालो.